शाबूत दात

१

प्रेताचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. दात मात्र एकूण एक शाबूत होते.

मी ही गोष्ट पाहिली, पण तिचा अर्थ त्या सकाळी मला लागला नाही. किल्ल्यामागच्या तळ्याकाठी लव्हाळ्यात ती बाई उताणी पडली होती. पाय पाण्यात, बाकीचे अंग चिखलावर. अंगावर फिकट जांभळा किमोनो आणि त्यावर इसोगाई घराण्याचे चिन्ह. कपाळापासून नाकापर्यंत कोणीतरी दगडाने घाव घातले होते. भोवती जमलेले लोक तिच्याकडे कमी आणि पाण्याकडे जास्त पाहत होते.

"काप्पानं ओढलं," मागून कोणी कुजबुजले. तळ्याच्या तळाशी राहणारा तो जलराक्षस आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो.

"काप्पा दगड वापरत नाही," मी म्हणालो.

"मग काय वापरतो, वैद्यबुवा? तुमच्या त्या डच पोथीत लिहिलं असेल की!"

एरवी यावर हशा पिकला असता. त्या दिवशी कोणी हसले नाही, कारण इसोगाई तातेवाकी येत होता. कमरेला दोन तलवारी असलेला माणूस आला, की शेतकरी, कारागीर, व्यापारी सगळे चिखलात गुडघे टेकतात. वैद्यांना तेवढी सूट असते. आमचे भादरलेले डोके पाहून आम्हाला कोणत्या पायरीवर बसवायचे हे कोणालाच नीट ठरवता आलेले नाही. तरी मीही वाकलो.

त्याने प्रेताकडे क्षणभर पाहिले. "कपडे चिसेचे. दातही तिचेच. माझी बायको आहे ही."

दात काळे होते. आमच्याकडे लग्न झालेली बाई दातांना दातवण लावते, कुमारिका लावत नाही.

"आणि तुमची दासी, ओताके?" कोणीतरी विचारले.

"कालपासून बेपत्ता. पळाली. मालकिणीसोबत देवळात म्हणून निघाली होती."

काठावर मोसुकेला बांधून ठेवले होते. तो नदीपलीकडचा. मेलेली गुरे सोलणारे, कातडी कमावणारे, वधस्तंभावरची प्रेते उचलणारे लोक तिथे राहतात. कोणी त्यांच्या हातचे पाणी घेत नाही, कोणी त्यांच्या काठाकडे बघतही नाही. प्रेत त्याला दिसले आणि त्याने ते पाण्याबाहेर ओढले, हाच त्याचा गुन्हा. सामुराईच्या बायकोला त्याचा हात लागला होता. मान जायला तेवढे पुरेसे होते. खुनाचा आळ वर आला तो फुकटात.

जहागिरीचे कारभारी कुझे गेंबा यांनी तिथेच निवाडा दिला. पितरांचे दिवे सोडण्याचा सण तोंडावर आला होता आणि सणात रक्त सांडत नाहीत. तेव्हा मोसुकेचे डोके दुसऱ्याच दिवशी सकाळी उतरायचे होते.

"सरकार, या माणसाला तिला मारण्याचं काही कारण दिसत नाही," मी म्हणालो.

"मग कोणाला होतं?"

माझी नजर इसोगाईच्या तलवारींवर गेली.

"उद्या सकाळपर्यंत विचार कर," कारभारी म्हणाले. "पण वैद्या, दोन तलवारीवाल्यावर बोट रोखलंस आणि ते बोट चुकलं, तर मोसुकेच्या शेजारी जागा मोकळी आहे."

२

भीती ही शरीराची एक क्रिया आहे. तळवे ओले होतात, तोंड कोरडे पडते, नाडी धावते. नागासाकीला डच वैद्यकाचे पाठ घेताना मी हे वहीत टिपून घेतले होते. टिपल्यामुळे ती कमी होत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

मोसुकेला बांबूच्या पिंजऱ्यात कोंडले होते. मी जवळ जाताच तो मागे सरकला आणि त्याने उजवी मूठ पाठीमागे लपवली.

"मूठ उघड," मी म्हणालो.

"नको धनी. तुम्हाला बाधेल."

"मला पटकीची माणसं बाधली नाहीत. उघड."

त्याने हळूच मूठ उघडली. अंगठ्याच्या रेषांमध्ये काळे शिरले होते.

"शाप आहे हा," तो कापत म्हणाला. "बाईच्या तोंडावर चिखल होता. मेली तरी बाईमाणूस, म्हणून मी पुसला. ओठाला अंगठा लागला आणि हे काळं चिकटलं. वाळूनं घासलं तरी जाईना. तिनं धरलाय मला, धनी. उद्या मान गेली तरी हे सुटायचं नाही."

"काळं ओठांवर होतं? दातांवर नव्हे?"

"ओठांच्या आतून. हिरड्यांनासुद्धा." त्याने अंगठा पुन्हा मुठीत कोंबला. "माझ्या बायकोला सांगा, माझे कपडे जाळून टाक म्हणावं. पोरांना नको हे लागायला."

मृत्यूपेक्षा तो त्या डागाला जास्त भीत होता. मला मात्र त्या डागाने पहिल्यांदाच थोडा धीर दिला. जी बाई वर्षानुवर्षे दातवण लावते, ती आपल्या हिरड्या काळ्या करून घराबाहेर पडत नाही.

३

वेणीफणी करणारी ओकुरा साऱ्या किल्ल्याच्या घराघरांत फिरते. तिच्या हातात कंगवा आणि तोंडात बातमी नसेल, असा दिवस उगवत नाही. आज मात्र तिने दार जेमतेम चार बोटे उघडले.

"मला काही ठाऊक नाही, वैद्यबुवा. आणि ठाऊक असलेलं मी विसरले."

"मग विसरलेलंच सांग."

"तुमचं काय जातंय! तुमच्या डोक्यावर केस नाहीत, उतरलं तरी कोणाला कळायचं नाही." एवढे बोलून तिने मला आत ओढले आणि दार लावून घेतले. "चिसेबाईंची वेणी मी कितीतरी दिवसांत घातलेली नाही. गेले की ओताके दारातच सांगायची, बाईंना बरं नाही. शेवटच्या खेपेला सांगतासांगता रडली पोरगी. मी म्हटलं, अगं बाईंना बरं नाही तर तू का रडतेस? तर दार लावून घेतलं माझ्या तोंडावर."

"बाई दिसल्या?"

"नाही हो. खोकलासुद्धा ऐकू आला नाही. आजारी माणसाच्या घरातून काढ्याचा वास येतो की नाही? तोही नाही." तिने आवाज आणखी खाली आणला. "त्या घरात पूर्वी काढ्याचा वास फार यायचा. इसोगाईसाहेबांचा हात जड आहे. आता जा तुम्ही. मागच्या दारानं."

इसोगाईच्या घरी त्याने मला बाहेरच्या खोलीत बसवले. कोपऱ्यात त्याची आई, थोरल्या बाई, मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते.

"मृत्यूच्या दाखल्यासाठी विचारतो," मी म्हणालो. "काल बाई निघाल्या तेव्हा प्रकृती कशी होती?"

"उत्तम. दुपारी आरशासमोर बसली, दातांवरून कुंचला फिरवला आणि देवळात गेली."

"आपण पाहिलंत?"

"माझ्यासमोरच बसली होती. एकदा कुंचला फिरवला की झालं, त्यात पाहायचं काय?"

थोरल्या बाईंनी मान वर केली. आमची नजर भेटताच त्यांनी ती परत खाली घातली. पण त्या एका निमिषात त्यांच्या डोळ्यांत जे दिसले, ते मी पुष्कळ रुग्णांच्या डोळ्यांवरून ओळखतो. दुखते कुठे हे सांगायचे असते आणि शेजारी कोणीतरी बसलेले असते.

"बाईंची दातवणाची हंडी बघायला मिळेल?" मी विचारले.

"घाणेरडी वस्तू आहे ती. बायकांच्या हंड्या हुंगायला तुम्हाला ठेवलंय का जहागिरीनं?" इसोगाई उठला आणि त्याचा डावा हात तलवारीच्या म्यानावर गेला. "दाखला लिहा आणि मोकळे व्हा, वैद्यबुवा."

४

प्रेत देवळाच्या मागच्या पडवीत चटईखाली ठेवले होते. ऊन कलले होते. भिक्षू उदबत्ती लावून दूर जाऊन बसला होता. विटाळापेक्षा त्याला काप्पाचीच भीती अधिक वाटत असावी.

मी आधी हात पाहिले. तळव्यांना राखेच्या पाण्याने चिरा पडल्या होत्या. यावरून काही सिद्ध होत नाही. लहान मानाच्या सामुराईची बायकोही कपडे स्वतःच धुते. मग मी चेहऱ्याकडे वळलो. ज्याने दगड उचलला होता, त्याने भुवया, डोळे, नाक यांतले काही शिल्लक ठेवले नव्हते. पण घाव वरच्या ओठाशी येऊन थांबले होते, जणू तिथे रेघ आखलेली होती. संतापलेला माणूस रेघ आखून मारत नाही. त्याला चेहरा नको होता आणि दात हवे होते.

मी ओठ बाजूला केले. पुढचे दात काळे होते. दाढा पांढऱ्या होत्या, खोलवर पांढऱ्या. ओले कापड समोरच्या दातावरून फिरवताच काळे कापडावर उतरले आणि खालून स्वच्छ, कोवळा दात दिसू लागला. मी कापड नाकाशी नेले. दातवणाला आंबलेल्या लोखंडाचा उग्र दर्प असतो. ज्या घरात ते होते, त्या घरात नवखा पाहुणा नाक धरतो. या कापडाला दर्प नव्हता. अगदी पुसट असा कापराचा वास होता.

कापूर घालतात तो लिहिण्याच्या शाईत.

ही चिसे नव्हती. जिचे दात काल सकाळपर्यंत पांढरे होते, अशी ही कोणी मुलगी होती. आणि त्या घरात अशी एकच मुलगी होती.

प्रकाश कमी झाला म्हणून मी वर पाहिले. इसोगाई दारात उभा होता.

"अजून दाखला लिहिताय?"

"हो, साहेब."

"हातात काय आहे?"

"कापड. चिखल पुसत होतो."

तो जवळ आला आणि प्रेताच्या तोंडाकडे पाहत राहिला. ओठ मी मिटले होते की नाही, हे मला आठवेना. माझी नाडी कानात ऐकू येत होती.

"माझ्या घराण्यानं या किल्ल्याचं दार पिढ्यानपिढ्या राखलंय," तो शांतपणे म्हणाला. "सणानंतर मला द्वाररक्षकांचा नायक नेमणार आहेत. ज्याला घरातली बाई राखता येत नाही, त्याच्या हातात दाराची किल्ली देत नाहीत, वैद्यबुवा. चोरट्यानं मारली तर गोष्ट वेगळी. लोक हळहळतात." तो वाकला आणि माझ्या बाहीची सुरकुती त्याने बोटांनी सरळ केली. "तुमच्या मानेवर तीळ आहे. छान आहे."

तो गेल्यावर मी बाही चाचपली. तो प्रेताकडे पाहत असतानाच कापड मी बाहीत सरकवले होते, त्याच्या बोटांच्या वीतभर खाली.

५

सकाळी कारभाऱ्यांच्या दरबारात मोसुकेला अंगणातल्या रेतीवर बसवले होते. आत चटयांवर किल्ल्यातले मानकरी, त्यांत इसोगाई. मी उंबरठ्याशी गुडघे टेकले.

"सरकार, मला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. इथले सगळे मानकरी विवाहित आहेत. दातवण कसं लावतात, हे कोणी सांगेल का?"

दरबारात कुजबुज झाली. कोणीतरी फिसकन हसले आणि गप्प झाले.

"काळं असतं. लावतात," एक म्हणाला.

"एकच द्रव्य की दोन? आधी कोणतं?"

सामुराईंचा अख्खा दरबार एकमेकांची तोंडे पाहू लागला.

"हा काय पोरखेळ आहे?" इसोगाई ओरडला.

"थांब." कारभाऱ्यांनी हात वर केला. "मलाही ठाऊक नाही. मी जागा होतो तेव्हा बायकोचे दात काळे झालेले असतात."

"म्हणूनच विचारलं, सरकार. आपल्या घरंदाज बायका नवरा उठायच्या आत हे उरकतात. नवऱ्यासमोर करणं लाजिरवाणं मानतात. इसोगाईसाहेब मात्र सांगतात, त्यांच्या पत्नी भरदुपारी त्यांच्यासमोर बसल्या आणि एकदा कुंचला फिरवून उठल्या." मी बाहीतून कापड काढले. "हे काळं मृत बाईच्या दातांवरचं आहे. माझं म्हणणं आहे की ही शाई आहे आणि खरं दातवण नव्हे. ते पडताळता येतं. फक्त खऱ्या दातवणाची हंडी हवी, आणि ती मला नाकारली गेली."

"नाकारली, कारण ती फेकून दिली आहे," इसोगाई म्हणाला.

इथे माझी कसोटी अडली. हंडीच नसेल तर माझ्याजवळ एक मळके कापड आणि एक वास होता, आणि बोट तर मी रोखून बसलो होतो. अंगणात जल्लादाने पाण्याची बादली आणून ठेवली. तलवार धुवायला लागते ती. मोसुकेने अंगठा तोंडाशी धरून डोळे मिटले.

"फेकलेली नाही."

आवाज फाटकाशी झाला. थोरल्या बाई रेतीवरून येत होत्या, बाहीखाली काहीतरी धरून. मानकऱ्यांच्या घरातली बाई दरबारात पाऊल टाकत नाही. पहारेकऱ्यांना त्यांना अडवायचे कसे हेच सुचेना.

"आई, घरी जा," इसोगाई म्हणाला.

त्यांनी हंडी माझ्यासमोर ठेवली. "ही माझ्या सुनेची. झाकण काढा, वैद्यबुवा."

मी झाकण काढताच पुढच्या रांगेतल्यांनी नाके दाबली. लोखंडाच्या आंबवणावर जाड, अखंड साय धरली होती. या हंडीत दिवसचे दिवस कोणी कुंचला बुडवला नव्हता.

मी एका पांढऱ्या फडक्यावर हंडीतला थेंब टाकला आणि त्यावर मायफळाची पूड. दोन्ही भेटल्यावरच ते काळे झाले; एकट्या आंबवणाने दात काळे होत नाहीत. शेजारी कारकुनाच्या दौतीतून शाईचा डाग पाडला. त्याच्या बाजूला प्रेताच्या दातांवरचे कापड पसरले. मग मिठात मुरवलेल्या उमे फळांचे आंबट पाणी तिन्हींवर ओतले. दातवणाचा डाग सगळ्यांच्या देखत विटला, फिकट झाला आणि जवळजवळ पुसून गेला. शाईचा डाग होता तसाच राहिला. प्रेताच्या तोंडातला डागही तसाच राहिला.

"ज्यानं हे दात रंगवले, त्याला दातवण लावता येत नव्हतं," मी म्हणालो. "ओकुराला येतं. थोरल्या बाईंना जन्मभर येतं. दासी रोज ही हंडी तयार करायची. मोसुकेनं तर आयुष्यात शाई हातात धरलेली नाही, आणि चिसेबाईंचा किमोनो त्याला मिळणार कुठून? दातवणाची हंडी घरातच असताना जो दौतीकडे वळला, तो पुरुष होता, लिहिणारा होता आणि त्या घरातला होता. प्रेत दासीचं आहे."

"आणि चिसे?" कारभाऱ्यांनी विचारले.

"मी पाठवली तिला," थोरल्या बाई म्हणाल्या. "डोंगरापलीकडच्या भिक्षुणींच्या मठात. त्या उंबरठ्याच्या आत नवऱ्याचा हक्क चालत नाही. तिच्या बरगड्या मी किती वेळा शेकायच्या? मला वाटलं, हा चार दिवस आरडाओरडा करील, लाजेनं गप्प बसेल. त्या पोरीचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही." त्या मुलाकडे वळल्या. "तातेवाकी, ती तुझ्या पायांना गरम पाणी आणायची रे."

इसोगाईचा हात कमरेकडे गेला, पण दरबारात येताना मोठी तलवार बाहेर ठेवावी लागते. हात रिकाम्या जागी थबकला. "दासीच होती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरेखुरे आश्चर्य होते.

६

मोसुके सुटला. इसोगाईला त्याच्या घरी नेले आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने मरण्याची सवलत दिली. ती सवलत त्याच्या जातीलाच असते. मग कारभाऱ्यांनी मला एकट्याला बोलावले.

"इसोगाई आजारानं गेला. बायको तळ्यात पाय घसरून गेली. दोघांना एकाच थडग्यात ठेवतील. मेलेल्या बाईला कोणी मठातून परत मागत नाही, समजलं? ती सुटली."

"आणि मुलगी, सरकार?"

"कुठली मुलगी?"

"ओताके."

"ती पळाली. यापेक्षा वेगळं बोललास, तर ती मोकळी जागा अजून आहे."

युक्तिवाद निर्दोष होता. मी वाकलो आणि निघालो.

नदीशी मोसुके वाट पाहत होता. त्याचा अंगठा मी विसरूनच गेलो होतो. वास्तविक शाई चामडीतून आपोआप जाते, आणि त्याचा डाग फिका झालाही होता. तो मला लांबूनच म्हणाला, "धनी, शाप नव्हता तर. पण दिवा तिच्या नावानं सोडणार. तिच्यामुळं मान जात होती, तिच्याच दातांनी वाचली. हाक काय मारू तिला?"

"ओताके."

"ते घरचं नाव, धनी. त्या घरातल्या सगळ्या मोलकरणी ओताकेच. आधीचीही ओताके होती, मी तिचं मांजर पुरलंय. हिचं खरं काय?"

मी प्रेताचे हात पाहिले होते, दाढा पाहिल्या होत्या, तोंडाचा वास घेतला होता. हे एक मी कोणालाच विचारले नव्हते. मग थोरल्या बाईंना विचारले, तर त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

ते मला माझ्या दाराशी सापडले. सणाच्या आदल्या दिवशी वरच्या गावातली एक शेतकरीण पायरीखाली बसून होती. मुलगी पळाली म्हणून शेजारच्या घरांनाही चौकीवर बोलावले होते; आमच्याकडे एकाच्या गुन्ह्याला पाच घरे बांधलेली असतात.

"तुम्ही घरोघर फिरता, बुवा," ती म्हणाली. "माझी नुइ कुठं दिसली का? पळणारी पोर नाही हो ती. अंधाराला भिते."

माझे तोंड कोरडे पडले. कारभाऱ्यांचे शब्द माझ्या मानेवर, त्या तिळाच्या जागी, बसले होते.

"उद्या संध्याकाळी दिवे बघायला नदीवर या," मी एवढेच म्हणालो. त्याच रात्री ते नाव मी नदीपलीकडे मोसुकेला पोहोचवले.

दुसऱ्या संध्याकाळी सारे गाव आमच्या काठावर होते. जो तो आपल्या पितरांचे नाव घेऊन कागदी दिवा पाण्यात सोडत होता. पलीकडच्या काठावर, जिकडे कोणी बघत नाही, तिकडे एक दिवा पाण्यात उतरला आणि मोसुकेने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"नुइऽऽ!"

आमच्या काठावरच्या एवढ्या गर्दीतून एकच बाई त्या बाजूला वळली.